न्हाणीघराची श्रीमंती



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी अशा व्याख्यानमाला निघाल्या आणि त्यांतून धर्मापासून धरणापर्यंत बहुतेक सर्व विषय होऊन गेले. पण न्हाणीघर या विषयावर कोणी तासभर बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चालकांना मी विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांची काहीच चूक नाही. स्नान ही आपण दार लावून करावयाची गोष्ट. ती व्यासपीठावर कशी आणावी, हा संकोच मलाही होता. परंतु चाळीस वर्षे मी याच जिल्ह्यात घरांचे नकाशे काढले. ज्या खोलीत मनुष्य सर्वांत एकटा आणि सर्वांत असहाय असतो, त्याच खोलीचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो, हे मला रोज दिसत आले. म्हणून संकोच बाजूस ठेवला आहे.

गेल्या काही वर्षांत नवे घर बांधणारा गृहस्थ माझ्याकडे आला की नकाशाच्या आधी मोबाईल पुढे करतो. त्यात एक चित्र असते. संगमरवरी जमीन, मोठी खिडकी, आणि खोलीच्या मधोमध, कोणत्याही भिंतीला न टेकलेला, अंड्याच्या आकाराचा पांढराशुभ्र टब. शेजारी जमिनीतून उगवल्यासारखा उंच सोनेरी नळ. ‘साहेब, असे पाहिजे.’ नागपूरच्या दुकानांतून असे टब मांडून ठेवलेले असतात. त्यांची किंमत साध्या टबाच्या कितीतरी पट. दुकानदार सांगतो, हा स्वतंत्र उभा राहणारा टब आहे, ही अगदी नवी कल्पना आहे.

मला त्या वेळी आमच्या घरचे गंगाळ आठवते. पितळेचे, दोन बाजूंना दोन कड्या, आतून कल्हई नसली तरी चिंचेने घासून सोन्यासारखे केलेले. तेही कोणत्याही भिंतीला टेकलेले नव्हते. चुलीवरचा हंडा उतरवून त्यात ओतावयाचा, विसण घालावयाचे, आणि पाटावर बसून तांब्याने पाणी घ्यावयाचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच्याभोवती रांगोळी निघे. स्वतंत्र उभा राहणारा नव्हे, तर दोघांनी उचलून कोठेही नेता येणारा असा तो सरंजाम होता. फरक इतकाच, की गंगाळात पाणी बसे आणि माणूस बाहेर. टबात माणूस आणि पाणी दोघेही आत. या एवढ्याशा फरकाने सगळे गणित कसे बदलते, ते पुढे सांगतो.

टबाची वंशावळ मात्र दुकानदार सांगतो तितकी खानदानी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जॉन मायकेल कोहलर नावाचा एक कारखानदार होता. तो शेतीची अवजारे आणि ओतीव लोखंडाच्या वस्तू करी. १८८३ साली त्याने गुरांना पाणी पाजण्याच्या लोखंडी डोणीवर काचेसारखा मुलामा चढविला, तिला चार पाय लावले, आणि स्नानाचा टब म्हणून ती विकावयास काढली. पहिला टब एका शेतकऱ्याने एक गाय आणि चौदा कोंबड्या देऊन घेतला, असे ती कंपनी आजही कौतुकाने सांगते. म्हणजे आज ज्याच्यापुढे आपण हात जोडून उभे राहतो, ती मूळची गुराची डोण! आमच्या गावच्या विहिरीपाशी तशी एक दगडी डोण होती. तिच्यात आम्ही पोरांनी उन्हाळ्यात यथेच्छ डुंबून घेतले आहे आणि गडीमाणसांचा मारही खाल्ला आहे. चार पाय लावण्याची बुद्धी मात्र कोणाला झाली नाही.

पुढे अमेरिकेत नळाचे पाणी आणि सांडपाण्याचे नळ घरोघर आले, तसे ते पायांचे टब मागे पडले. भिंतीत बसविलेले, खाली झाडावे न लागणारे टब आले. आता शंभर वर्षांनी पुन्हा तोच सुटा टब ऐश्वर्याचे चिन्ह म्हणून परतला आहे. फक्त लोखंडाऐवजी बहुधा अॅक्रिलिकचा. फॅशन ही रहाटाच्या पोहऱ्यासारखी असते, तीच भांडी फिरून वर येतात.

आता गणित. हौशी माणसाला ते आवडत नाही, म्हणून मी ते चहा झाल्यावर काढतो. सुमारे पाच-साडेपाच फूट लांबीचा टब बऱ्यापैकी भरावयाचा तर दोनशेवीस लिटरच्या आसपास पाणी लागते. बादलीने स्नान पंधरा ते वीस लिटरांत होते. जलजीवन मिशनने २०१९ पासून खेड्यातल्या माणसाला दिवसाकाठी पंचावन्न लिटर पाणी द्यावयाचे ठरविले. त्यात पिणे, स्वयंपाक, धुणी-भांडी सगळे आले. म्हणजे एकाने टबात एकदा अंग बुडविले की चार माणसांचे दिवसाचे पाणी मोरीत गेले. शहरासाठी धरलेले प्रमाण माणशी एकशेपस्तीस लिटर आहे. तेही एका टबाने ओलांडले. वर्धा शहराला पाणी येते ते धाम नदीवरच्या महाकाळीच्या धरणातून. वैशाखात त्या धरणाचा तळ कसा दिसतो हे तुम्हांला मी सांगावयास नको.

दुसरे, वजन. पाणी दोनशेवीस किलो, माणूस सत्तर, टब स्वतः पन्नास. मिळून तीनशेचाळीस किलो, आणि हे सगळे सव्वा चौरस मीटर जागेवर. राहत्या घराचा स्लॅब आपण सामान्यतः चौरस मीटरला दोनशे किलो वापराचे वजन धरून काढतो. एका जागी थोडे जास्त आले म्हणून स्लॅब लगेच खाली येत नाही, पण लोखंडी टब असेल, किंवा जुन्या घराच्या माडीवर तो बसवावयाचा असेल, तर आधी विचारा. बसवून झाल्यावर मला बोलावू नका.

तिसरे, ऊन पाणी. पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये पाणी सत्तर अंशांपर्यंत तापविले आणि त्यात पंचवीस अंशांचे पाणी मिसळले, तर चाळीस अंशांचे सुखाचे पाणी पंचाहत्तर लिटर मिळते. टबाचा तिसरा हिस्सा! उरलेला टब भरेपर्यंत पहिले पाणी निवते. मग लोक मोठा गॅस गिझर आणतात आणि तो बंद न्हाणीघरातच लावतात. येथे मी थट्टा थांबवितो. कोंडलेल्या खोलीत गॅस जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही; स्नान करणारा हळूच बेशुद्ध पडतो, आणि दाराला तर आतून कडी. गॅस गिझर खोलीबाहेर लावा, आणि झरोका काचेने बंद करू नका. आमच्याकडे मे महिन्यात हा प्रश्नच नसतो म्हणा. दुपारी गच्चीवरच्या टाकीचा ‘थंड’ नळ सोडला तरी हात पोळतो.

चौथी गोष्ट जमिनीखालची, म्हणून कोणी विचारीत नाही. आपली काळी माती कापसाला चांगली, शोषखड्ड्याला वाईट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी तिच्यात मुरता मुरत नाही. दोनशेवीस लिटर पाणी एका दमात सोडले की लहान शोषखड्डा तोंडाशी येतो. आमच्या आज्यांनी मोरीच्या तोंडाशी केळी, अळू आणि कर्दळ लावली होती ती शोभेसाठी नव्हे. आणि नळ! सोनेरी असो की चंदेरी, चांगला नळ आत पितळेचाच असतो. वर निकेल आणि क्रोमियमचा पातळ थर. आपल्या बोअरच्या जड पाण्याने त्यावर सहा महिन्यांत पांढरे खरपुडे चढतात, फवाऱ्याची भोके बुजतात. लिंबाने किंवा व्हिनेगरने ते निघतात. तारेच्या घासणीने निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर सोनेही जाते.

हे सारे ऐकून तुम्हांला वाटेल, वर्ध्याचा माणूस, हा आता गांधीजींचे नाव घेऊन टबाला हद्दपार करणार. तसे नाही. किंबहुना टबाची साक्ष काढावयाची तर सेवाग्रामाहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहावयास आले. त्या शेगावचेच १९४० साली सेवाग्राम झाले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबहेनची झोपडी. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. त्या झोपडीतील न्हाणीघर आपण कधी नीट पाहिले आहे का? सहली येतात, चरखा पाहतात, तीन माकडे पाहतात आणि पुढे जातात. मी विद्यार्थ्यांना मुद्दाम तेथे उभे करीत असे. कुटीच्या मानाने ती जागा चांगली ऐसपैस आहे. त्यात कमोड आहे. ज्या माणसाने अंगावरचे कपडे कमी करीत करीत एका पंचावर आणले, त्याने न्हाणीघर मात्र कमी केले नाही.

आणि टब त्यांच्या रोजच्या क्रमात होता. मालीश झाल्यावर कोमट पाण्याच्या टबात ते पडून राहत, तेवढीच विश्रांती. टबावर त्यांचा विश्वास जुना होता. लाइपझिगच्या लुई कुने या जलोपचारकाचे पुस्तक त्यांनी दक्षिण आफ्रिकेतच वाचले होते. १९०२ साली मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप सांगितले. गांधीजींनी ते नाकारले आणि मुलाला कुनेच्या पद्धतीचे कटिस्नान देण्यास सुरुवात केली. एका वेळी तीन मिनिटांपेक्षा अधिक नाही. ताप उतरेना, तेव्हा त्यांनी त्याला ओल्या चादरीत गुंडाळले आणि स्वतः बाहेर भटकत राहिले, मन थाऱ्यावर नव्हते, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मुलगा वाचला. मी वैद्य नाही, आणि आज कोणी विषमज्वरावर टबाचा उपचार करू लागला तर मी त्याला आधी दवाखान्यात पाठवीन. पण आगाखान महालात १९४२ साली त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहावयास घेतले त्यातही कटिस्नान आहेच, आणि १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम निघाला तो याच वाटेने. कटिस्नानाचा तो जस्ताचा टब, ज्यात कंबर पाण्यात आणि पाय बाहेर राहतात, तो पाण्याच्या दृष्टीने मोठा शहाणा. जेवढे अंग बुडवावयाचे तेवढेच पाणी.

१९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. व्हिएन्नात जन्मलेला हा विचारवंत. शाळा, दवाखाने, मोटारी या सर्वांवर त्याने टीका केलेली. सकाळी तो बापूकुटीत नुसता बसून राहिला, आणि मग परिषदेत त्या झोपडीवरच बोलला. झोपडीत किती प्रकारच्या जागा आहेत ते त्याने मोजले. चपला काढून मन आवरण्याची जागा, सर्वांची मधली खोली, कामाची बैठक, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, ओटी. आणि शेवटी, ऐसपैस न्हाणीघर. परक्या माणसाच्या डोळ्यांना ते दिसले. घर आणि सामानाचे कोठार यांत फरक काय, हा त्याचा त्या दिवशीचा प्रश्न होता, आणि मोबाईलमधले ते चित्र पाहताना तो मला हटकून आठवतो.

पण माझी खरी गोष्ट बापूकुटीची नाही. तिच्या शेजारच्या बा-कुटीची आहे. प्रारंभी आदिनिवासात सारे एकत्र राहत. बापू, बा, सहकारी, येणारे-जाणारे, सगळे एका छपराखाली. माणसांच्या त्या गर्दीत कस्तुरबांना आडोसा नव्हता. महात्म्याच्या ते ध्यानात आले नाही. आले असेल तर बोलले गेले नाही. ध्यानात आले ते जमनालालजी बजाजांच्या, आणि त्यांनी बापूंची संमती घेऊन बांसाठी वेगळी लहानशी कुटी बांधून दिली. देशाच्या इतिहासात या गोष्टीला अर्धी ओळ मिळते. मला मात्र जमनालालजींच्या साऱ्या दानधर्मात हे दान मोठे वाटते.

का वाटते, ते सांगतो. माझा जन्म समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात झाला. वर सांगितलेले गंगाळ पुरुषांचे. ते अंगणात, उघड्यावर मांडले जाई. बायकांसाठी घरामागे तुराट्यांचा कूड घालून एक आडोसा केलेला होता. कमरेपासून खांद्यापर्यंतचा, वर आभाळ, आणि दार म्हणून एक जुने लुगडे. माझी आई पहाटे, माणसे उठण्याआधी, त्यात जाई आणि लुगडे नेसूनच अंगावर पाणी घेई. स्नान म्हणजे काय, तर ओल्या लुगड्यावरून कोरडे लुगडे नेसण्याची कसरत. पावसाळ्यात कूड कुजे. नवी तूर निघेपर्यंत तसाच चाले. आजारी असो, बाळंतीण असो, वेळ तीच. मी अभियंता झालो आणि १९८४ साली वर्ध्याला घर बांधले, तेव्हा आईला म्हटले, तुला काय पाहिजे ते सांग. ती म्हणाली, ‘दाराले आतून कडी लाव, बस.’

मी कडी लावली. आणखीही बरेच केले. त्या काळी नवीन आलेल्या चकचकीत फरश्या लावल्या, आरशासारख्या. नकाशा माझा, फरशीची निवड माझी. त्या फरशीवर एका दिवाळीत आईचा पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. ती ब्याऐंशी वर्षांची होती. आत कडी. दार मोडून आम्हांला आत जावे लागले. आईने त्या अवस्थेत पहिली गोष्ट केली ती ही, की हाताला लागलेले लुगडे अंगावर ओढून घेतले.

त्यानंतर तीन वर्षे ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, माझ्या पत्नीच्या हातून स्नान करीत असे. रोज आधी एकच वाक्य: ‘दार लाव वं पयले.’ मी भिंतीला हातभर लांबीची लोखंडी दांडी ठोकली, फरशी उखडून खरबरीत शहाबादी बसविली, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी शोधून आणली. यांपैकी कशालाही विशेष पैसा लागला नाही. हे सर्व मला आधी येत नव्हते असेही नाही. फक्त नकाशा काढताना डोळ्यांपुढे चित्र होते, आई नव्हती. म्हणून आता कोणी मोबाईल पुढे केला की मी विचारतो, घरात सर्वांत म्हातारे कोण? त्यांना दीड-दोन फूट उंचीच्या काठावरून ओला पाय टाकून दाखवावयास सांगा. सुट्या टबाला धरावयास भिंतही नसते.

आणि खेड्यात? २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात गावोगाव संडास झाले. एका संडासाला बारा हजार रुपये मिळत. चांगलेच झाले. पण न्हाणीला त्यात स्थान नव्हते. आपल्या जिल्ह्यात मी अनेक घरी पाहिले, की त्या नव्या संडासातच बादली ठेवून बायका अंघोळ करतात, कारण गावात छप्पर, चार भिंती आणि आतून कडी असलेली तेवढीच एक जागा. अधिकारी म्हणतात, लोक संडासाचा दुरुपयोग करतात. मला तो सदुपयोग वाटतो. ओडिशात ग्राम विकास नावाच्या संस्थेने गावे घेतली तेव्हा संडास आणि न्हाणीघर जोडीनेच बांधावयाचे, आणि नळाने पाणी आणावयाचे, असा नियम ठेवला. एक जरी घर वगळले तरी काम सुरू नाही. त्यांना जे सुचले ते आपल्याला, मीराबहेन आणि गांधीजींच्या साथीदारांनी सिंदी गावात हातांत खराटा घेतला त्या जिल्ह्याला, का सुचू नये? तुराट्यांच्या कुडाच्या जागी चार फूट बाय पाच फुटांची विटांची न्हाणी, वर पत्रा, खाली उतार आणि एक दार; खर्च एका सोनेरी नळाच्या आसपास येतो. ग्रामपंचायतीत बसणाऱ्या भगिनी येथे असतील, त्यांना नकाशा मी फुकट देईन. आजवर दोन गावांना दिला आहे. एका गावी सात न्हाण्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या गावी तो नकाशा सरपंचांच्या कपाटात आहे.

शेवटी त्या मोबाईलवाल्या गृहस्थांचे काय झाले ते राहिले. तुम्ही विचारणारच. माझे सगळे गणित त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि टब घेतलाच. खाली वडिलांच्या न्हाणीघरात मात्र त्यांनी दांडी, बसावयाचा कट्टा आणि खरबरीत फरशी हे सर्व मी सांगितले तसे केले, म्हणून मी वरच्या मजल्याबद्दल अधिक वाद घातला नाही. स्लॅब तेवढा जाड केला. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे जाणे झाले. नळ एक दिवसाआड येत होता. त्यांच्या सौभाग्यवतींनी मला मोठ्या कौतुकाने वर नेऊन टब दाखविला. तो काठोकाठ भरलेला होता, वर धूळ पडू नये म्हणून जुने धोतर पसरले होते, आणि त्याच्या कोपऱ्यात एक तांब्या तरंगत होता. शेजारी पाट मांडला होता.